सकाळपासून दहा मुलं, आणि घरी गेल्यावर शब्दच उरत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) होऊन तीन वर्षं झालेली एक स्पीच थेरपिस्ट शहरातल्या एका खासगी केंद्रात नोकरी करते. रोज नऊ-दहा मुलं, प्रत्येकी ४५ मिनिटं, मधे श्वास घ्यायला जागा नाही. निम्म्याहून जास्त मुलं ऑटिझमची, बाकीची श्रवणदोष आणि सेरेब्रल पाल्सीची. संध्याकाळी घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. रिपोर्ट समजावताना समोरची आई रडायला लागली की छातीवर दडपण येतं. अलीकडे एखाद्या मुलाने सुट्टी घेतली की हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं म्हणून दिवसभर अपराधी वाटत राहतं. "मी या कामासाठी फार हळवी आहे का? सोडून देऊ का?"

हळवेपणाचा इथे फारसा दोष नाही. दिवसाला साडेसात तास मुलांसमोर बसल्यावर एक सेशन रद्द झालं तर कोणालाही हायसं वाटेल. या कामाचा ताण बऱ्याचदा तीन ठिकाणांहून येतो: अपॉइंटमेंटची वही कशी लावली आहे, ध्येयं कशी लिहिली आहेत आणि पालकांना काय शब्द दिला आहे. तिन्ही गोष्टी बदलता येतात. रविवारचा स्पा, सुगंधी मेणबत्त्या वगैरे चांगलं आहे, पण सोमवारी सकाळी तीच वही उघडायची असेल तर त्याचा उपयोग मंगळवारपर्यंतही टिकत नाही.

आधी कोणता थकवा आहे ते पाहू. "मी बर्न आउट झाले" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि तिघींचा इलाज वेगळा.

पहिली अगदी शारीरिक: घसा आणि कान. मुलांच्या थेरपीत आपण नेहमीच्या पट्टीपेक्षा वर, लांबवून, चढ-उतार देत बोलतो. आठ बाय दहाची खोली, खाली टाइल्स, भिंती कोऱ्या, डोक्यावर पंखा आणि समोर रडणारं मूल. त्या आवाजावर आवाज चढवून दिवस काढला की संध्याकाळचं गप्प राहणं हे बरंचसं घशाचं आणि कानाचं गाऱ्हाणं असतं. त्याला नैराश्य समजून घाबरू नये. खोलीत फोमची मॅट, जाड पडदा आणि एका भिंतीला कापडी सॉफ्टबोर्ड लावला तरी घुमणं बरंच कमी होतं. पाण्याचे घोट दर सेशनला घ्यावेत, दुपारी एकदम बाटली संपवू नये. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो वाट पाहण्याने. मुलाला खुणेने किंवा शब्दाने संधी दिल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर तोंड बंद ठेवा. मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो, तो त्याला मिळतो आणि तुमचा घसा त्या दहा आकड्यांत विसावतो. नवीन थेरपिस्टची सेशन रेकॉर्ड करून ऐकली तर बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांतच दुसरा प्रश्न येतो, तिसऱ्याला उत्तरही तीच देते. थकवा तिथेच साचतो.

दुसरी गोष्ट खरा बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलेलं नाही. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी व्यावसायिक घटना म्हटलं आहे. त्याच्या तीन खुणा: ऊर्जा संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांची १९८१ची मोजपट्टीही याच त्रयीवर उभी आहे. आमच्या क्षेत्रात दुसरी खूण भाषेतून आधी दिसते. मुलाचं नाव जाऊन "पावणेपाचचा ऑटिझम" असा उल्लेख सुरू झाला, की समजावं.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्यांच्या आघाताचा आपल्यावर उमटणारा ओरखडा, म्हणजेच दुय्यम आघात. सुट्टीच्या दिवशी भांडी घासताना एखाद्या आईचं वाक्य अचानक डोक्यात वाजतं. विशिष्ट मुलाच्या वेळेआधी पोटात गोळा येतो. हे बर्नआउटपेक्षा वेगळं, कारण याला बहुधा एखाद-दुसरी घटना जबाबदार असते. तिच्याबद्दल नीट बोललं की ते उतरतं. सुट्टी घेऊन उतरत नाही.

कुठली गोष्ट किती, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा प्रोक्वॉल ही प्रश्नावली भरावी. मोफत आहे. मागच्या ३० दिवसांबद्दल ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि शेवटी तीन वेगळे आकडे: कामातलं समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात. प्रत्येक भागात २२ किंवा कमी म्हणजे कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ किंवा जास्त म्हणजे जास्त. एक चूक बहुतेक जण करतात: बर्नआउटच्या दहांपैकी पाच विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात (१चे ५, २चे ४). ते राहिलं की आनंदी माणूसही जळून गेलेला दिसतो. हे निदान नव्हे. दर तीन महिन्यांनी भरून स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहायचं.

आता वही. दहा मुलं कमी करा असं मालकाला सांगणं सोपं नाही, विशेषतः पगार सेशनच्या टक्केवारीवर असेल तर. पण ४५ मिनिटांच्या पोटातच बदल करता येतो: ३५ मिनिटं मूल, ५ मिनिटं पालक, ५ मिनिटं तुमची. मुलांची संख्या तीच राहते, मालकाचं उत्पन्नही तेच. पालकांना हे प्रवेशाच्या वेळीच छापील कागदावर द्यावं, नाहीतर "मॅडम दहा मिनिटं कमी घेतात" असं ऐकावं लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाचं लक्ष शेवटच्या दहा मिनिटांत तसंही उडालेलं असतं. त्यातली पाच मिनिटं पालकाला एक गोष्ट करून दाखवण्यात गेली तर मुलाचा फायदाच आहे.

मग क्रम. सगळी मुलं सारखी जड नसतात आणि जड म्हणजे अवघड निदान असंही नाही. जड म्हणजे तुमच्याकडून जास्त ओढून घेणारं: चावणारं किंवा डोकं आपटणारं मूल, निदान नुकतंच झालेलं घर, आलेली भाषा गमावत चाललेलं मूल, किंवा वडील दर वेळी हिशेब मागतात असं घर. वहीत अशा नावांपुढे पेन्सिलने एक टिंब द्या. दोन टिंबं लागोपाठ येऊ द्यायची नाहीत आणि दिवसाचं शेवटचं सेशन टिंबाचं ठेवायचं नाही, कारण जे शेवटी घडतं तेच घरी येतं. मूल्यांकनं दिवसाला दोनच. तिसरं घेतलं की त्या घराला सांगायच्या गोष्टी घाईत सांगितल्या जातात आणि रात्री "असं बोलायला नको होतं" सुरू होतं. रिपोर्टसाठी आठवड्यात दोन तास वहीत नाव टाकून अडवून ठेवा. आठ मुलांचे रिपोर्ट महिनाअखेरीस घरी रात्री बसून लिहिण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. तो बिनपगारी जादा वेळ असतो.

त्या पाच मिनिटांत काय करायचं, तेही ठरलेलं असावं, नाहीतर मोबाइल ती गिळतो. मूल दाराबाहेर गेलं की आधी खेळणी टोपलीत. हे मुद्दाम हाताने, एकेक उचलून करा, कारण खोली पूर्ववत होताना डोकंही थोडं पूर्ववत होतं. टेबल पुसा. कोपरापर्यंत गार पाण्याने हात धुवा. लाळ, पेंट, बिस्किटाचा चुरा यांसाठी ते तसंही लागतंच. मग मुलाच्या वहीत दोनच ओळी. पहिली: आज त्याने काय केलं. दुसरी: आज माझ्या हातात काय नव्हतं. "तापातून उठला होता." "आजी आणि आईत बोलणं बंद आहे, घरचा सराव झाला नाही." दुसरी ओळ लिहायला लाजू नका. ती कागदावर उतरली नाही तर तुमच्या नावावर जमा होते. शेवटी चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असे पाच श्वास. त्याला एक मिनिटही लागत नाही. पुढच्या मुलाच्या मागच्या वेळच्या ओळी वाचा आणि मगच दार उघडा.

ध्येयांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "माझ्या हातून काही होत नाही" ही भावना सर्वांत जास्त इथे तयार होते. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, "मूल दोन शब्दांची वाक्यं ८० टक्के अचूकतेने बोलेल." मूल अजून एकही शब्द बोलत नाही. सहा महिन्यांनी रकान्यात शून्य. आईला शून्य, तुम्हालाही शून्य. त्या सहा महिन्यांत मूल नजर द्यायला लागलं, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायला लागलं, हे कुठेच नोंदलं गेलं नाही.

यावर किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८मध्ये मानसिक आरोग्य सेवेसाठी मांडलेली ध्येयपूर्ती मोजपट्टी फार कामी येते. प्रत्येक ध्येयाच्या पाच पायऱ्या आधीच लिहायच्या, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. समजा, चार वर्षांचा मुलगा पाणी हवं असलं की आईचा हात धरून माठाकडे ओढतो आणि रडतो. बारा आठवड्यांसाठी असं लिहिता येईल. उणे दोन: आज आहे तसंच, हात ओढणं आणि रडणं. उणे एक: रिकामा पेला स्वतः आणून मोठ्यांच्या हातात देतो. शून्य, म्हणजे आपली अपेक्षा: पाण्याचं चित्र उचलून आईच्या हातात देतो, न सुचवता, दिवसातून तीनदा. अधिक एक: आईखेरीज आणखी एका व्यक्तीलाही देतो. अधिक दोन: चित्र देताना तोंडाकडे बघतो किंवा "पा" सारखा काहीतरी आवाज काढतो.

पायऱ्या लिहिताना दोन गोष्टी चुकतात. एक, अपेक्षित पायरी आईला खूश करण्यासाठी उंच ठेवली जाते. शून्यावर ते मूल पोहोचण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असावी, इतपतच ती असू द्या. दोन, पायरी केंद्रापुरतीच लिहिली जाते आणि घरी काहीच घडत नाही. आणि बारा आठवड्यांनीही मूल उणे दोनवरच असेल तर? तर तो तुमच्या पात्रतेवरचा निकाल समजू नका, तपासायची यादी समजा: ऐकण्याची चाचणी किती जुनी आहे, मधे कान वाहत होता का, झटके येतात का, चित्र त्याला कळतं का की वस्तूच हवी, पाण्याची त्याला खरोखर ओढ आहे का की भिंगरीची आहे. दर बारा आठवड्यांनी ही यादी केंद्रातल्या दुसऱ्या थेरपिस्टबरोबर वाचावी. एकट्याने वाचली की प्रत्येक ओळीत आपलीच चूक दिसते.

एक हिशेब भिंतीवर चिकटवण्यासारखा आहे. आठवड्याला दोन सेशन, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकही न चुकता सहा महिने: ३९ तास. मूल रोज बारा तास जागं असतं असं धरलं तर त्याच सहा महिन्यांत त्याचे जागेपणीचे तास जवळपास २,२००. म्हणजे तुमच्या वाट्याला दोन टक्क्यांहूनही कमी वेळ येतो. एवढ्या वेळात "बोलतं करून दाखवा" ही मागणी पुरी होण्यासारखी नाही. पालकाला पाच मिनिटं शिकवणं हे वरकामासारखं उरकू नये, याचं कारणही हाच हिशेब.

आणि पालक. "कधी बोलेल?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा येतो आणि दर वेळी काळजात थोडं काहीतरी हलतं. त्यावर थकलेल्या थेरपिस्टच्या तोंडून सहज निघणारं वाक्य म्हणजे "काळजी करू नका, बोलेल तो." हे वाक्य उधारीवर घेतलेलं असतं. सहा महिन्यांनी तेच व्याजासकट परत येतं, "तुम्हीच म्हणाला होतात." त्याऐवजी असं काही म्हणता येईल: "तो कधी बोलेल हे आज मला सांगता येणार नाही, आणि जो तारीख सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या तीन महिन्यांत तो स्वतःहून मागायला कसा शिकेल, ते मात्र सांगते आणि करून दाखवते." पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळते, दहाव्यांदा अडखळत नाही. चित्रांचा तक्ता किंवा ॲप काढलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "चित्रं दाखवली तर तो बोलायचा कंटाळा करेल ना?" नाही. पर्यायी संवादसाधनांमुळे बोलणं मागे पडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही आहे, ते आजीच्याच हातात देऊन पाहा. "याचा बाबापण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता" म्हणणारी आजी ॲपवर पहिल्यांदा "भूक लागली" ऐकते, तेव्हा बहुधा तिचाच विरोध आधी मावळतो.

पालकांचा राग अंगाला लावून घेऊ नका असं सगळे सांगतात. का, ते कोणी सांगत नाही. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२मध्येच बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल "दीर्घकालीन दुःख" ही कल्पना मांडली. हे दुःख एकदा होऊन संपत नाही. मुलाच्या आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर ते पुन्हा वर येतं. आपल्याकडे ती वळणं कॅलेंडरवर दाखवता येतात. शाळाप्रवेशाचे दिवस आणि जूनचा पहिला आठवडा. गणपतीत सगळे गावी जमतात आणि धाकट्या जावेचं दोन वर्षांचं पोर आरती म्हणतं. वाढदिवस. या दिवसांच्या आगेमागे "काहीच फरक नाही" हे वाक्य जास्त ऐकू येतं, मूल तेवढंच पुढे गेलेलं असलं तरी. म्हणून प्रगतीची बैठक जूनमध्ये किंवा गणपतीनंतरच्या आठवड्यात लावू नये. ती जानेवारीत घ्या, ऑगस्टच्या सुरुवातीला घ्या. आणि एखाद्या आईचा आवाज चढला तर मनात तारीख बघा.

निदान सांगण्याची बैठक हा वेगळाच प्रकार. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात स्वरयंत्राचे स्नायू पाठ होतात, रडणाऱ्या माणसासमोर गप्प कसं बसायचं हे बहुतेकांना नोकरीतच शिकावं लागतं. कर्करोगतज्ज्ञांसाठी २०००मध्ये मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत इथेही चालते: जागा नीट लावणं, त्यांना काय माहीत आहे ते विचारणं, किती ऐकायचं आहे ते विचारणं, मग सांगणं, भावनेला जागा देणं, आणि शेवटी पुढचं पाऊल. प्रत्यक्षात असं: मूल मदतनीसाबरोबर बाहेर. दोघंही पालक हजर. एकट्या आईला सांगितलं तर घरी जाऊन तेच पुन्हा सांगायची शिक्षा तिला होते, आणि वर "मोबाइल तूच दिलास" हेही तिलाच ऐकावं लागतं. खुर्च्या सारख्या उंचीच्या, मधे टेबल नाही. अर्धा तास राखीव आणि त्यानंतरची पंधरा मिनिटं वहीत कोरी.

आधी विचारा, "तुमच्या काय काय लक्षात आलंय?" बहुतेक आयांनी अर्धं निदान स्वतःच केलेलं असतं. मग ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांचा हवाला देऊन एका वाक्यात सांगा. आणि थांबा. इथेच सगळे चुकतात. ती शांतता सहन न होऊन आपण यशोगाथा सांगायला लागतो, कोणीतरी मोठा इंजिनीअर झाला वगैरे. त्या वेळी त्यांच्या कानात काहीही शिरत नसतं. पाण्याचा पेला पुढे सरकवा, टिश्यूचा डबा हाताशी ठेवा, नजर जमिनीवर न खिळवता पण रोखूनही न बघता बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत, पाठ खुर्चीला लागलेली आहे, एवढंच जाणवू द्या. छातीवरचं दडपण याच अर्ध्या-एक मिनिटात येतं आणि घाईने काही बोललं नाही तर याच मिनिटात उतरायलाही लागतं. तुमचे डोळे भरून आले तर आले. फक्त त्यांना तुमची समजूत घालावी लागू नये, इतपत सावरा. निघताना एकच पाऊल द्या, पाच नाही. आठवड्याभरात दुसरी बैठक ठेवा, कारण पहिल्या दिवशीचं बरंचसं विसरलं जातं.

व्हॉट्सॲप. कामाला वेगळा नंबर, बिझनेस ॲप, आणि आपोआप जाणारं उत्तर: "संदेश मिळाला. सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते २:३० या वेळेत उत्तर देते. मुलाला ताप, झटका किंवा इजा असेल तर थेट डॉक्टरांकडे जा." सरावाचे व्हिडिओ दोन मिनिटांचे, आठवड्याला एक, आणि ते सेशनच्या त्या पाच मिनिटांत पालकाबरोबर बसून बघायचे. रात्री साडेदहाला आलेल्या व्हिडिओला एकदा उत्तर दिलं की ती वेळ त्या घरासाठी कायमची उघडी होते.

काही गोष्टींना वेळापत्रकाने उपाय होत नाही. मिळवलेली भाषा गमावणारं मूल, मग ते लहान वयात ऑटिझममध्ये असो, रेट सिंड्रोममधली मुलगी असो की लॅन्डाउ-क्लेफनर या मेंदूच्या विकारात हळूहळू शब्दच न कळू लागलेलं मूल असो, आपल्यासमोर उलट्या दिशेने चालतं. पहिलं काम बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी, त्याच आठवड्यात. दुसरं, ध्येयाची दिशा बदलणं: नवीन शब्द मिळवण्याऐवजी जे आहे ते जपणं. दिशा बदलली नाही तर प्रत्येक सेशन हरल्यासारखं संपतं.

मग तो संताप, जो परिस्थितीवर असतो पण आई-वडिलांवर निघतो. मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून कानात शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) सरकारी योजनेत झालेलं, पण बाहेरच्या यंत्राची केबल तुटली म्हणून ते दोन महिने कपाटात. काय करायला हवं ते माहीत आहे आणि करता येत नाही, हा ताण बर्नआउटपेक्षाही जास्त कुरतडतो. त्यावर एकच चालतं: आपल्या बाजूचं एक काम, तारखेसह, आणि बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला केबलबद्दल पत्र, शुक्रवारपर्यंत. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर अर्जाचा कागद आईच्या हातात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतच्या खर्चाची आहे, त्यात थेरपीही येते. नुसता श्रवणदोष असेल तर ती लागू होत नाही, उगाच हेलपाटा घालायला लावू नका. केंद्रात अशा योजनांची एक फाइल अद्ययावत असेल तर हा संताप बराच निवतो.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर एकटीने मनात ठेवायचं नाही. कायदाही तशी मुभा देत नाही. पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९नुसार माहिती किंवा रास्त शंका असणाऱ्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मूल जे बोललं, खुणावलं किंवा चित्रावर दाखवलं ते त्याच शब्दांत, वेळ घालून लिहा. पुन्हा पुन्हा विचारू नका, सुचवणारे प्रश्न तर मुळीच नको. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. अशा दिवशी उरलेली सेशन रद्द करणं हा कमकुवतपणा नाही.

चावे, ओरखडे, ओढलेले केस यांना "मूल आहे, चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. एक नोंदवही ठेवा: वेळ, आधी काय घडलं, नंतर काय मिळालं. तीन नोंदींनंतर कारण दिसायला लागतं, आणि कारण दिसलं की त्या मुलाच्या वेळेआधीचा गोळाही लहान होतो.

हे सगळं एकटीने पेलायचं नसतं. ब्रिटनमध्ये नियमित पर्यवेक्षण हा नोकरीचाच भाग मानतात. आपल्याकडे ते बहुतेक केंद्रांत नाही, म्हणून जमवावं लागतं. तीन-चार थेरपिस्ट, शक्यतो वेगळ्या केंद्रांतल्या, महिन्यातून एकदा दीड तास. एकीला वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं फक्त हकिकत, मुलाचं नाव-शाळा-फोटो काही नाही. पुढची पाच "मला काय झालं". शेवटची पाच सल्ला, तोही मागितला तरच. घड्याळ लावून बसा, नाहीतर त्याची चहाच्या टपरीवरची कुचकुच होते. मालक असा, पालक तसे, हे तासभर घोळून माणूस आणखी जड होऊन घरी जातो.

सोडण्याबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली आहे, सुट्टीतही कशातच मन लागत नाही, मुलाचा हात गरजेपेक्षा जोरात धरला गेला, जगणं नको वाटतं, यांतलं काहीही असेल तर वही-बिही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. यातलं काही नसेल तर पेशा सोडण्याआधी मुलांचं मिश्रण बदलून बघा. दहांपैकी दोन-तीन मुलं उच्चारदोषाची, तोतरेपणाची किंवा टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरची घ्या. "क"ला "त" म्हणणारं पोर पहिल्यांदा नीट "क" म्हणतं, तेव्हा ते स्वतःच चकित होऊन तुमच्याकडे बघतं. असे बदल काही आठवड्यांत कानाला ऐकू येतात, आणि बाकीच्या सात मुलांसाठी लागणारा धीर तिथून येतो.

तरीही केंद्र सोडायचं ठरलं, तर अपराधीपणा बराचसा कसं सोडता यावर ठरतो. पालकांना चार आठवडे आधी सांगा, स्वतः सांगा, रिसेप्शनवरून कळू देऊ नका. नव्या थेरपिस्टबरोबर दोन सेशन एकत्र घ्या: पहिल्यात ती बघेल, दुसऱ्यात तुम्ही कोपऱ्यात बसाल. मुलाला तारखेच्या चौकटीवर शेवटचा दिवस चित्राने दाखवा. आणि हस्तांतराच्या कागदावर निदान आणि ध्येयांच्याही वर तीन ओळी लिहा: तो कशाने हसतो, कशाने बिथरतो, आणि दारातून आत यायला तयार नसेल तर कुठलं खेळणं हातात द्यायचं.